ताबा यादीतला चौथा आकडा

१

खरेदीखत होऊन चोवीस दिवस झाले होते, घर घेणाऱ्या बेकरीवालीचं सामान नव्या घरात लागलंही होतं, आणि मग ते पत्र आलं.

वकीलसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि समोरच्या टेबलाकडे सरकवलं. त्या टेबलामागे शंकाबाई बसायची. गेली सव्वीस वर्षं ती घरांच्या जुन्या कागदांचा शोध घेत होती. घर आज कोणाचं, काल कोणाचं होतं, मधे कोणी वारलं का, वारलं तर वारस किती, हे सगळं उकरून काढायचं हा तिचा धंदा. नोंदणी कार्यालयातल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिला शंकाबाईच म्हणत आणि तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. ताक तर ती फुंकून प्यायचीच, पण कोणी साधं पाणी दिलं तरी पेला उजेडात धरून बघायची.

पत्र घर विकणाऱ्या म्हातारबुवांच्या बहिणीचं होतं. 'माझे बंधू मंगळवारी सकाळी आठ वाजता वारले. त्यांच्या वतीने त्यांच्या पुतण्याने खरेदीखतावर सही केली ती त्याच दिवशी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी. सबब हा व्यवहार रद्द समजावा व घराचा ताबा मला द्यावा.' सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत होती. वेळेच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात सकाळी आठ.

बेकरीवाली नेमकी तेव्हाच समोर बसलेली होती. बिचारी भलतंच विचारायला आली होती.

"मागचं वीजबिल मी भरायचं की त्यांनी, एवढंच विचारायचं होतं हो," ती म्हणाली आणि हातातलं पाकीट तिनं टेबलावर ठेवलं. "ही त्यांनी भरून ठेवलेली ताबा यादी. पंखे किती, कपाटं किती, किल्ल्या किती. मीटरच्या आकड्यापाशी तीन आकडे खोडून चौथा लिहिलाय. आणि मीटर वाचणाऱ्यानं त्याच दिवशी टाकलेल्या चिठ्ठीवर पाचवाच आकडा आहे. मी धरायचा कुठला?"

"ते राहू दे आता," शंकाबाई म्हणाली. "आधी घर तुमचं आहे का ते बघू."

बेकरीवालीला ते कळायला थोडा वेळ लागला. "पण मुखत्यारपत्र होतं ना? म्हातारबुवांना गाडीत चढता येत नव्हतं म्हणून पुतण्याला दिलेलं. तुम्हीच तर तपासलंत."

"होतं. पण देणारा गेला की त्याच क्षणी मुखत्यारपत्रही गेलं. त्यानंतर केलेली सही म्हणजे पाण्यावरची रेघ."

बेकरीवालीचा चेहरा पीठ लागल्यासारखा पांढरा पडला. चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचे पाय गेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरातून त्याला महिन्यातून एकदा, तेही दोघांनी उचलून, खाली आणावं लागे. हे घर तळमजल्यावर होतं, दार रुंद होतं आणि उंबरठा नव्हता. गेल्या आठवड्यात तो चाकांच्या खुर्चीतून एकटा कोपऱ्यापर्यंत जाऊन वर्तमानपत्र घेऊन आला होता. जुनी जागा तर केव्हाच दुसऱ्याला गेली होती.

शंकाबाईनं फाईल उघडली. नियमाप्रमाणे पुतण्यानं सही करताना लिहून दिलं होतं: मुखत्यारपत्र देणारे आज हयात आहेत. म्हणजे एकतर तो खरं बोलला होता, नाहीतर मेलेल्या काकाला कागदावर जिवंत ठेवून घर विकून मोकळा झाला होता.

२

पुतण्या छापखान्यात यंत्र चालवायचा. नखांतली शाई न निघालेली, आणि नजर समोरच्यावर सोडून सगळीकडे.

"काका जिवंत होते," तो म्हणाला.

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

"माहीत मलाही पुष्कळ असतं. कागदावर काय आहे?"

शंकाबाईनं म्हातारबुवांचं मृत्युपत्र त्याच्यापुढे ठेवलं. दोनच वाक्यं होती. घर बहिणीला, बँकेत असेल ते पुतण्याला. म्हणजे घर आधी विकलं गेलं असेल, तर आलेला पैसा बँकेत आणि बँकेतला पैसा पुतण्याचा. काका आधी गेले असतील, तर घर बहिणीचं आणि पुतण्याच्या तोंडाला पानं. चार तासांच्या फरकावर सगळा खेळ होता आणि सही या माणसाच्या हातची होती.

"त्या सकाळी काकांच्या घरून तुम्हाला फोन आला होता?"

"नाही."

"फोन दाखवा पाहू."

त्यानं दाखवायला नको होता, पण नाही म्हणायचंही त्याला सुचलं नाही. मंगळवार, आठ वाजून दहा मिनिटं, काकांच्या घरचा नंबर. बोलणं दोन मिनिटांचं.

"मावशीचा होता," तो घाईघाईनं म्हणाला. काकांना सांभाळायला जी बाई ठेवली होती, तिला घरात सगळे मावशी म्हणत. "काहीतरी औषध संपलं होतं."

"मग आत्ता नाही का म्हणालात?"

पुतण्या उठला. दाराशी गेल्यावर मागे न बघता म्हणाला, "तुम्ही काय वाटेल ते समजा. पण मी काकांचं वाईट नाही केलं." आवाज इतका दाटलेला होता की शंकाबाईचा संशय दुप्पट झाला. कुठंतरी पाणी मुरत होतं. आठला माणूस जातो, आठ दहाला घरून फोन येतो, आणि ज्याला फोन आला तो माणूस बारा वाजता लिहून देतो की काका हयात आहेत!

३

दुसऱ्या दिवशी बहीण स्वतःच ऑफिसात आली. पुतण्याची ती आत्या, म्हणून सगळेच तिला आत्याबाई म्हणत. गणित शिकवून निवृत्त झालेल्या. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी खुर्ची टेबलाच्या रेषेत सरळ केली.

"मला फिरवाफिरवी जमत नाही," त्या म्हणाल्या. "दादाचं घर मला पाहिजे. त्यानं ते मला लिहून दिलंय. विकायला काढलंय हेसुद्धा मला कोणी कळू दिलं नाही. तो गेल्यावर दारात दुसऱ्याचं कुलूप बघून कळलं."

"आठ ही वेळ तुम्हाला कोणी सांगितली?"

"मावशीनं. ती जवळच होती. दादानं पाणी मागितलं. तिनं डोकं मांडीवर घेऊन दोन घोट पाजले. माझं नाव घेतलं आणि मान टाकली." एवढं बोलताना आत्याबाईंचा गणिताचा आवाज पहिल्यांदा हलला. "निदान कोणाच्या तरी हातचं पाणी पिऊन गेला."

"आणि तुम्हाला कळवलं कधी?"

"दुपारी दोनला. आठला माणूस गेला आणि सख्ख्या बहिणीला निरोप दोनला! मधल्या वेळात काय चाललं होतं ते लहान पोरालाही सांगता येईल. सही होईपर्यंत माझ्या भावाला घरात झाकून ठेवला त्यानं."

हिशोब चोख होता. शंकाबाईला त्यात एकही चूक सापडेना, आणि तिला हेच खटकलं. सव्वीस वर्षांत एकही खोड नसलेली जेवढी कागदपत्रं तिनं पाहिली होती, त्यातली निम्मी तरी खोटी निघाली होती.

"आत्याबाई, मी आधी मावशीला भेटते," ती म्हणाली. "तोवर कोर्टात जाऊ नका."

"आठ दिवस देते. त्यानंतर मी त्या बाईला घराबाहेर काढीन. तिच्या नवऱ्याचं मला कळलंय. वाईट वाटतं. पण मी काय करू?"

४

मावशी आता दुसऱ्या घरी एका आजारी बाईंना सांभाळत होती. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी राहूनच ती बोलली आणि बोलताना हातातलं फडकं एकसारखं पिळत होती. फडकं कोरडं होतं.

"आठ वाजले होते. पाणी मागितलं. डोकं मांडीवर घेतलं, दोन घोट पाजले. बहिणीचं नाव घेतलं आणि मान टाकली."

शब्दाला शब्द तोच. पाढे म्हणावेत तसं.

"त्या दिवशी उठले होते का सकाळी?"

"नाही हो. बिछान्यातच होते."

"मग अंगात काय होतं?"

"झोपायचा सदरा."

"पाणी कशानं पाजलंत? पेल्यानं की चमच्यानं?"

मावशीचे हात थांबले. ज्या बाईला शेवटचे शब्द तोंडपाठ होते तिला पेला की चमचा हे आठवेना. "चमच्यानं," ती अखेर म्हणाली. "नाही, पेल्यानं."

"आणि आठ दहाला पुतण्याला फोन केलात, तेव्हा काय सांगितलंत? काका गेले म्हणून?"

"नाही!" मावशी एवढ्या जोरात म्हणाली की आतून आजारी बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मावशीनं दाराला हात घातला. "तेव्हा नाही सांगितलं. तसं नव्हतं ते. तुम्ही जा आता, बाई. माझी ही नोकरी तरी राहू द्या."

आणि तिनं दार लावून घेतलं. ही तरी म्हणजे काय? आधीच्या नोकरीत हिच्या हातून काय झालं होतं?

५

डॉक्टर भला माणूस होता, पण बाहेर पेशंटची रांग होती आणि त्याचा एक डोळा सारखा तिकडे.

"मी पावणेदोनच्या पुढे पोहोचलो. नाडी पाहिली, डोळे पाहिले. वय ब्याऐंशी, हृदय आधीच दमलेलं. संशय घ्यावा असं काही नव्हतं, म्हणून जास्त तपासलं नाही. आता वाटतं, तपासायला हवं होतं."

"अंगावर कपडे कोणते होते, आठवतं?"

"आठवतं ना. बाहेर जायचा इस्त्रीचा शर्ट. खिशात पेन्सिल, मी वाकलो तेव्हा हाताला टोचली. आणि पायांत चपला. चादरीला माती लागलेली होती. जरा टेकावं म्हणून आडवा झालेला माणूस दिसतो ना, तसे दिसत होते."

झोपायचा सदरा नव्हता. मांडीवर डोकं नव्हतं. शंकाबाईला हायसं वाटलं. मावशी धडधडीत खोटं बोलत होती, आणि खोटं बोलायला शिकवणारी कोण तेही उघड होतं. आठ या वेळेचा फायदा एकाच माणसाला होता, गणिताच्या आत्याबाईंना.

"म्हणजे आठची वेळ तुम्ही मावशीच्या सांगण्यावरून लिहिलीत," ती उठत म्हणाली.

"मावशीच्या? छे. ती नुसती कोपऱ्यात रडत होती." डॉक्टरनं पुढच्या पेशंटला हात केला. "आठची वेळ मला पुतण्यानं सांगितली."

शंकाबाई उठली होती ती परत बसली. ज्या वेळेनं पुतण्याची सही मातीमोल होत होती, हातातला पैसा जात होता, वर खोटं प्रतिज्ञापत्र केल्याचा आळ येत होता, ती वेळ त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची ही कुठली रीत?

६

ती ऑफिसात येऊन बसली. वकीलसाहेबांनी एकदा चहाचा कप पुढे ठेवला. तो गार झाला.

तिचा विचार असा चालला होता. आठ हे खोटं जर पैशासाठी सांगितलं असतं, तर ते आत्याबाईंनी सांगितलं असतं. ते सांगितलं पुतण्यानं, ज्याचं त्यात नुकसानच होतं. म्हणजे सांगताना त्याला खरेदीखत आठवलंही नव्हतं. मुखत्यारपत्राचा नियम त्याला कुठून ठाऊक असणार? सही झाली, काम संपलं, एवढंच त्याला माहीत. मग आठच का? दहा का नाही? कारण आठला मावशी घरात होती. आठ दहाचा तो फोन करून ती कुठंतरी गेली असणार, म्हणून तर तिला नोकरीची एवढी भीती.

तिला आता सगळं दिसायला लागलं होतं, पण दिसणं वेगळं आणि कागद वेगळा. आठनंतर म्हातारबुवा जिवंत होते हे ठीक. बारा पाचला होते का? घरात कोणी नसताना ते कोण सांगणार? तिनं सवयीप्रमाणे सगळी फाईल परत पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि तळाशी बेकरीवालीचं पाकीट हाताला लागलं.

म्हातारबुवा जन्मभर वजनमापं तपासायच्या खात्यात होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू खरे की खोटे हे बघायचं. यादीही तशीच होती. किल्ल्या सात, त्यातली एक घट्ट फिरते. पंखे चार, त्यातला एक आवाज करतो. आणि 'ताब्याच्या दिवशीचा मीटरचा आकडा' या ओळीपुढे पेन्सिलीनं ४१८६८, खोडलेला. मग ४१८७०, खोडलेला. मग ४१८७१, खोडलेला. शेवटी ४१८७३. प्रत्येक खोडीशेजारी तारीख आणि छोटी सही. पहिली खोड सोमवारची, बाकी मंगळवारच्या.

शंकाबाईनं मीटरवाल्याची छापील चिठ्ठी शेजारी ठेवली. मंगळवार. आकडा ४१८७२. खाली यंत्रानंच छापलेली वेळ: बारा वाजून चाळीस मिनिटं.

तिनं चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परत वाचलं. मग वकीलसाहेबांना म्हणाली, "उद्या सगळ्यांना बोलवा."

७

सगळे आले. आत्याबाई, पुतण्या, मावशी, आणि दाराजवळच्या खुर्चीत, आपली जागा अजून ठरली नसल्यासारखी, बेकरीवाली.

शंकाबाईनं दोन्ही कागद आत्याबाईंपुढे ठेवले. "तुम्ही गणितवाल्या. तुम्हीच सांगा. मीटर मागे फिरतो का?"

"नाही."

"बारा चाळीसला मीटरवर बहात्तर होते. मीटर बाहेर ओट्यावर आहे, त्यामुळे वाचणाऱ्यानं दारही वाजवलं नाही. तुमच्या भावानं लिहिलेत त्र्याहत्तर. अक्षर कोणाचं आहे?"

आत्याबाईंनी बराच वेळ पाहिलं. "दादाचं."

"मागाहून कोणी घातलं असेल?" वकीलसाहेबांनी मुद्दाम विचारलं.

"हे पाकीट बेकरीवालीला शुक्रवारी मिळालं. तोवर घरात माणसांची रीघ लागलेली, आकडा ऐंशीच्या पुढे गेलेला. मंगळवारी दुपारी नेमका किती होता हे त्या वेळी मीटरसमोर उभ्या असलेल्या माणसालाच कळणार. आत्याबाई, बारा चाळीसनंतर तुमचे दादा इस्त्रीचा शर्ट घालून, चपला चढवून, वॉकर घेऊन ओट्यावर आले. आकडा वाचला, लिहिला, सही केली. मग आत जाऊन टेकले. सही झाली तेव्हा ते हयात होते. घर बेकरीवालीचं आहे."

बेकरीवालीनं तोंडावर पदर धरला. रडतेय की हसतेय ते कोणालाच कळलं नाही, बहुधा तिलाही नाही.

"मग आठ वाजताचं पाणी?" आत्याबाईंनी विचारलं. हे त्यांनी शंकाबाईला नाही, मावशीला विचारलं.

मावशीचा बांध फुटला. "माझ्या मुलीला कळा सुरू झाल्या होत्या. मी याला फोन केला, म्हटलं जाऊ का? हा म्हणाला, जा, मी दहापर्यंत येतो. मी गेले. दीडला आले तर..."

"दहापर्यंत येणार होतो मी," पुतण्या जमिनीकडे बघत म्हणाला. "नोंदणी कार्यालयात साडेनऊची वेळ दिली होती. तिथली यंत्रं बंद पडली. बारा पाचला सही झाली आणि कागद हातात मिळायला एक वाजून गेला. मी घरी आलो तर मावशी ओरडत होती. डॉक्टर विचारायला लागले किती वाजता, तर मी... एकटे गेले असं कसं सांगायचं? मावशी होती तेव्हाची वेळ सांगितली. पाण्याचंही मीच सांगितलं हिला. तुला बरं वाटावं म्हणून, आत्या. त्यानं सही खोटी ठरते हे नंतर कळलं, तेव्हा तोंड उघडायची सोय राहिली नव्हती."

आत्याबाईंनी दावा मागे घेत असल्याचा कागद मागितला आणि वाचून सही केली.

"खोटं कशाला बोलू, घरासाठीच भांडत होते मी," त्या म्हणाल्या. "पण रात्री झोप लागायची ती त्या दोन घोटांवर." मग त्यांनी पुतण्याकडे तोंड वळवलं. "मला एक फोन का नाही केलास? माझं घर तिथून दहा मिनिटांवर आहे. चालत. मी येऊन बसले असते रे त्याच्याजवळ."

पुतण्यानं मान वर केली ती आत्याकडे नाही, शंकाबाईकडे.

"तुम्हीच सांगितलं होतंत ना, बाई," तो म्हणाला. "मुखत्यारपत्र तपासायला आणलं तेव्हा. सही होईपर्यंत वारसांपैकी कोणाला कळू देऊ नका. कोणीतरी मोडता घालतंच."

शंकाबाईला ते आठवलं. तिनं ते सव्वीस वर्षांत शेकडो जणांना सांगितलं होतं, आणि सल्ला चुकीचा होता असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. आत्याबाई तिच्याकडे बघत होत्या. रागानं बघत असत्या तर बरं झालं असतं.

"हो," शंकाबाई म्हणाली. "मीच सांगितलं होतं."